कोपऱ्यातला आकडा

कापडाच्या दुकानात ताग्यातून दोन मीटर कापड द्यायचे असते तेव्हा दुकानदार काय करतो ते आठवा. तो काठाला कात्रीने बोटभरही नाही एवढी चीर पाडतो, चिरेच्या दोन्ही बाजू दोन मुठींत धरतो आणि एका हिसक्यात कापड टर्रकन फाडतो. चीर पाडली नसती तर तेच कापड चांगली ओढाताण सहन करून गेले असते. चिरेमुळे कापडाची रुंदी घटली ती जेमतेम शंभरातील एक भाग. मग ताकद एवढी कशी घटली?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला अभियंत्यांना आणि गणितज्ञांना शंभराहून अधिक वर्षे लागली. आज संगणकावर पुलाचे, विमानाचे, धरणाच्या दाराचे चित्र काढून त्यावर किती भार कुठे पडतो हे काही मिनिटांत पाहता येते. पडद्यावर निळ्यापासून लालपर्यंत रंग उमटतात आणि लाल भागावर बोट ठेवले की दशांश चिन्हापुढे तीन-चार घरांपर्यंत आकडा मिळतो. हा आकडा किती खरा? तो नेमका कोणत्या जागेचा? वरवर साध्या वाटणाऱ्या या प्रश्नांपायी विमाने पडली आहेत आणि समुद्रात उभे करायचे प्रचंड बांधकाम बुडाले आहे. तो इतिहास या लेखात आपण पाहणार आहोत. संगणक आणि गणकयंत्र हाती आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना 'मोजणे' म्हणजे काय हे समजावताना तो उपयोगी पडेल, असे आम्हांला वाटते.

सरासरी आणि बिंदू

पाठ्यपुस्तकात प्रतिबलाची व्याख्या आपण शिकवतो: बल भागिले क्षेत्रफळ. तारेला वजन टांगले, वजनाला तारेच्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागले की झाले प्रतिबल. पण हे भागाकाराचे उत्तर सरासरी असते. वर्गाची सरासरी उंची सांगून सर्वांत उंच मुलाचे डोके दाराला आपटेल की नाही हे कळत नाही, तसेच हे आहे. वस्तू तुटते ती सरासरीमुळे नव्हे. तिच्यातील सर्वांत ताणलेल्या जागी ती तुटायला सुरुवात होते.

फ्रेंच गणितज्ञ कोशी याने १८२२ मध्ये प्रतिबलाची कल्पना एका बिंदूपर्यंत नेली. क्षेत्रफळ लहान लहान करत जायचे आणि भागाकार कोणत्या संख्येकडे झुकतो ते पाहायचे. गतीच्या धड्यात सरासरी वेगाकडून क्षणिक वेगाकडे आपण जसे जातो, अगदी तसेच. कागदावर हे सुंदर होते. पण लोखंडाच्या आत शिरून एका बिंदूवरचे प्रतिबल मोजणार कोण?

प्रकाशाने दाखवलेले चित्र

पहिली वाट प्रकाशाने दाखवली. स्कॉटलंडचा डेव्हिड ब्रूस्टर याला १८१५ च्या सुमारास असे आढळले की, दाबलेल्या काचेतून ध्रुवित प्रकाश सोडला आणि तो दुसऱ्या ध्रुवकातून पाहिला की काचेत रंगीत पट्टे दिसतात. भार काढला की पट्टे नाहीसे होतात. पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शाळकरी मुलाला विल्यम निकोल या वृद्ध संशोधकाने स्वतः घडवलेले दोन ध्रुवक लोलक भेट दिले. मॅक्सवेलने माशांपासून मिळणाऱ्या सरसाची जेली गोठवली, तिला पीळ दिला आणि तिच्यातले रंग पाहून आत कुठे किती ताण आहे हे गणिताशी ताडून पाहिले. त्याचा हा निबंध १८५० मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला तेव्हा तो १८ वर्षांचा होता.

हा प्रयोग आज वर्गात सहज करता येतो. संगणकाचा एलसीडी पडदा पांढरा ठेवावा. त्याच्यातून येणारा प्रकाश मुळातच ध्रुवित असतो. पोलरॉइडचा चष्मा पडद्यासमोर धरून तो काळा दिसेपर्यंत फिरवावा. मग पडदा आणि चष्मा यांच्यामध्ये कंपासपेटीतला प्लॅस्टिकचा पारदर्शक कोनमापक धरावा. इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतील. साच्यात ओतून थंड होताना त्या प्लॅस्टिकमध्ये अडकून राहिलेले हे ताण होत. कोनमापकाच्या आतल्या खिडकीच्या कोपऱ्यांकडे मुलांचे लक्ष वेधावे. तेथे पट्टे सहसा दाटीवाटीने गोळा झालेले असतात. नकाशात उंचीच्या रेषा कड्यापाशी जशा जवळजवळ येतात, तसेच.

एका भोकाचे गणित

१८९८ मध्ये जर्मन अभियंता किर्श याने एक नेमका प्रश्न सोडवला. खूप रुंद पत्रा आहे, त्याला एक लहान वर्तुळाकार भोक आहे आणि पत्रा दोन टोकांनी सारखा ओढला आहे. भोकाच्या कडेला प्रतिबल किती? उत्तर आले: ओढीशी काटकोनात असलेल्या दोन बाजूंना, लांबच्या प्रतिबलाच्या तिप्पट. भोक मोठे असो की लहान, ते पत्र्याच्या रुंदीच्या मानाने लहान असेल तोवर उत्तर तिप्पटच.

किर्शच्या सूत्राचे एक अंग आपल्या विषयाला फार महत्त्वाचे आहे. हे वाढलेले प्रतिबल फार थोड्या जागेत असते. भोकाची त्रिज्या १० मिलिमीटर धरली तर कडेवर ते ३ पट आहे. कडेपासून १ मिलिमीटर दूर सुमारे २.४४ पट, ५ मिलिमीटर दूर १.५२ पट, १० मिलिमीटर दूर १.२२ पट आणि २० मिलिमीटर दूर अवघे १.०७ पट. म्हणजे भोकाच्या व्यासाएवढे दूर गेलो की भोकाचा पत्ताही लागत नाही. फ्रेंच अभियंता सँ-व्हेनां याने १८५५ मध्येच हे तत्त्व मांडले होते: स्थानिक गडबडीचा परिणाम तिच्या स्वतःच्या आकाराएवढ्या अंतरात विरून जातो.

आता केंब्रिजचे प्राध्यापक इंग्लिस यांच्याकडे वळू. जहाजांच्या पोलादी पत्र्यांना कोपऱ्यांतून तडे जात. तो प्रश्न त्यांच्यासमोर होता. १९१३ मध्ये त्यांनी वर्तुळाऐवजी लंबवर्तुळाकार भोकाचे गणित केले. ओढीशी काटकोनात असलेला अर्धा अक्ष ए आणि टोकाची वक्रतात्रिज्या आर मानली, तर टोकावरचे प्रतिबल '१ अधिक ए भागिले आर यांच्या वर्गमुळाची दुप्पट' इतक्या पटीने वाढते. वर्तुळात ए आणि आर समान, म्हणून १ अधिक २, म्हणजे तीन. पण ए २५ मिलिमीटर आणि आर १ मिलिमीटर असेल तर वर्गमूळ ५, आणि प्रतिबल ११ पट!

दुकानदाराची चीर आता कळू लागते. किती रुंदी कापली गेली याहून चिरेचे टोक किती अणकुचीदार आहे हे जास्त महत्त्वाचे. वर्गात कागदाच्या चार सेंटिमीटर रुंद पट्ट्या घ्याव्यात. निम्म्या पट्ट्यांत मध्यभागी पंचिंग यंत्राने गोल भोक पाडावे, उरलेल्यांत ब्लेडने तेवढ्याच लांबीची आडवी चीर द्यावी. दोन्हींत रुंदी सारखीच घटली आहे. पट्ट्यांना वजने टांगून दहा-दहा वेळा पाहावे. चिरेची पट्टी सहसा कमी वजनाला फाटते. तडा गेलेल्या पत्र्यात तड्याच्या टोकाशी छिद्र पाडून तडा थोपवण्याची कारागिरांची युक्ती याच तत्त्वावर उभी आहे.

पण इंग्लिसच्या सूत्रात एक काटा होता. टोक अगदी टोकदार, म्हणजे आर शून्य मानला, तर प्रतिबल अनंत होते. मग बारीकशा ओरखड्यानेही काच आपोआप फुटायला हवी. ती तर फुटत नाही. इंग्लंडमधील फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत काम करणाऱ्या ग्रिफिथने १९२० मध्ये यातून वाट काढली. बिंदूवरचे प्रतिबल किती, हा प्रश्नच त्याने बाजूला ठेवला. तडा जरासा पुढे सरकला तर किती ऊर्जा मोकळी होते आणि नवे पृष्ठ तयार व्हायला किती ऊर्जा लागते, एवढेच त्याने ताडून पाहिले. मोकळी होणारी ऊर्जा जास्त असेल तर तडा धावत सुटतो. एखाद्या प्रश्नाचे उत्तर अनंत येत असेल तर बहुधा प्रश्नच बदलावा लागतो, हा विज्ञानाचा जुना अनुभव येथेही आला.

चिकटवलेली तार

प्रत्यक्ष लोखंडावर मोजायचे साधन मिळाले ते १९३८ मध्ये. अमेरिकेत कॅलिफोर्नियात सिमन्स आणि मॅसॅच्युसेट्समध्ये रूगे या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच युक्ती योजली. केसासारखी बारीक तार वस्तूच्या पृष्ठभागावर चिकटवायची. वस्तू ताणली की तारही ताणते, लांब व बारीक होते आणि तिचा विद्युत रोध वाढतो. तार ताणली की रोध बदलतो हे लॉर्ड केल्विनने १८५६ मध्येच दाखवले होते. तिला चिकटवण्याची कल्पना सुचायला आणखी ८२ वर्षे गेली. या साधनाला स्ट्रेन गेज म्हणतात.

मात्र गेजला स्वतःची लांबी-रुंदी असते. ते बिंदूचे मोजमाप देत नाही, आपल्या अंगाखालच्या जागेची सरासरी देते. वरच्याच १० मिलिमीटर त्रिज्येच्या भोकाशेजारी, कडेला लागून ५ मिलिमीटर रुंदीचे गेज लावले असे समजू. किर्शच्या सूत्रावरून सरासरी काढली तर ते २.०४ पट दाखवील. २ मिलिमीटर रुंदीचे गेज २.४७ पट दाखवील आणि १ मिलिमीटरचे २.७० पट. कडेवरचे खरे उत्तर तर ३ आहे. तिन्ही गेजे उत्तम असतील, तिन्ही वाचने बिनचूक असतील, तरी उत्तरे तीन. म्हणून 'किती?' या प्रश्नाला 'किती जागेवर?' हा जोडप्रश्न विचारल्याशिवाय अर्थ येत नाही.

कॉमेटचा धडा

मे १९५२ मध्ये ब्रिटनच्या कॉमेट विमानाने जेट प्रवासी वाहतुकीचे युग सुरू केले. हे विमान सुमारे ४० हजार फूट उंचीवरून उडे. तेथे हवा विरळ, म्हणून आतली हवा दाबाखाली ठेवावी लागे. आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस इंचाला ८.२५ पौंड अधिक असे; म्हणजे भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर पावणेसहा टनांच्या आसपास रेटा. भिंतीचा ॲल्युमिनियमचा पत्रा मात्र एक मिलिमीटरहूनही पातळ होता.

१० जानेवारी १९५४ रोजी रोमहून लंडनला निघालेले एक कॉमेट एल्बा बेटाजवळ आकाशातच फुटले. त्यातले ३५ जण गेले. त्याची १,२९० उड्डाणे झाली होती. काही काळ थांबवलेली वाहतूक पुन्हा सुरू झाली आणि ८ एप्रिल रोजी रोमहून कैरोला जाणारे दुसरे कॉमेट नेपल्सजवळच्या समुद्रात कोसळले. त्यात २१ जण गेले. त्याची उड्डाणे होती सुमारे ९००.

फार्नबरोच्या संस्थेने तिसऱ्या एका कॉमेटचे धड पाण्याच्या मोठ्या टाकीत ठेवले आणि त्यात पाणी भरून दाब पुन्हा पुन्हा वाढवला व कमी केला. हवेऐवजी पाणी अशासाठी की, पाणी दाबाने फारसे आकसत नाही, म्हणून फुटताना स्फोट होत नाही. आधीची खरी उड्डाणे आणि टाकीतली उड्डाणे मिळून तीन हजारांहून थोडी अधिक झाली तेव्हा धड फाटले. तडा आणीबाणीच्या दाराच्या कोपऱ्यापाशी सुरू झाला होता. एल्बाजवळच्या समुद्रातून काढलेल्या अवशेषांतही छतावरच्या आकाशकाच्या खिडकीच्या कोपऱ्यापाशीच सुरुवात सापडली.

कोपऱ्यांपाशी स्ट्रेन गेजे लावून केलेल्या मोजणीत असे दिसले की, तेथील प्रतिबल धातूच्या अंतिम ताकदीच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंत जात होते. रचनाकारांच्या गणितात ते पुष्कळ कमी होते, कारण तो आकडा कोपऱ्याजवळच्या पट्ट्याची सरासरी होता. धातूला एकदा ७० टक्के भार पेलणे जड नाही. पण हजार वेळा ये-जा झाली की त्याला थकवा येतो आणि बारीक तडा जन्मतो. सरासरीने तो थकवा झाकून ठेवला होता.

रचनाकार निष्काळजी होते असे मात्र म्हणता येत नाही. त्यांनी धडाच्या एका भागावर चाचणी केली होती आणि तो सुमारे १६,००० वेळा दाब सोसून टिकला होता. पण त्याच भागावर आधी नेहमीहून बराच जास्त दाब देऊन पाहिला गेला होता. त्या दाबाने कोपऱ्यातला धातू किंचित कायमचा ताणला गेला आणि दाब काढल्यावर भोवतालच्या धातूने त्याला दाबून धरले. असा दबलेला कोपरा जास्त टिकतो. प्रवासी विमानांना हा आधीचा ताण मिळालेला नव्हता. चाचणी खरी होती, पण ती दुसऱ्याच कोपऱ्याची होती.

तुकड्यांचे गणित

याच काळात अमेरिकेत बोइंग कंपनीतील अभियंत्यांपुढे त्रिकोणी पंखांचे गणित उभे होते. आकार असा वेडावाकडा की किर्शसारखे नेटके सूत्र मिळणे अशक्य. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांनी १९५६ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. पत्र्याचे लहान लहान त्रिकोण पाडायचे, प्रत्येक त्रिकोण साध्या नियमाने ताणतो असे मानायचे आणि सारे त्रिकोण शिरोबिंदूंना जोडून हजारो समीकरणे संगणकाकडून सोडवून घ्यायची. गणितज्ञ कूरांट यांनी १९४३ मध्ये अशीच कल्पना मांडली होती, पण तेव्हा ती समीकरणे सोडवणारे यंत्र नव्हते. क्लफ यांनी १९६० मध्ये या पद्धतीला नाव दिले, त्याला मराठीत सांत घटक पद्धत म्हणता येईल. आजची बांधकाम-विश्लेषणाची बहुतेक सॉफ्टवेअरे याच पद्धतीवर चालतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही पद्धत आधी शोधते ते प्रतिबल नव्हे, तर प्रत्येक शिरोबिंदू किती सरकला ते. प्रतिबल नंतर, शेजारच्या शिरोबिंदूंच्या सरकण्यातील फरकावरून काढले जाते. आगगाडीचा वेग आपण किलोमीटरच्या दगडांवरून काढतो तसाच हा प्रकार आहे. दोन दगडांमधला वेग ही सरासरीच असते. मग ती कोणत्या क्षणाला सर्वांत चांगली लागू पडते?

नववी-दहावीचे एक उदाहरण घेऊ. वस्तूने टी सेकंदांत टी वर्ग मीटर अंतर कापले. शून्य ते दोन सेकंदांत अंतर ४ मीटर, सरासरी वेग २. खरा वेग पहिल्या सेकंदाला, म्हणजे मधोमध, नेमका २ आहे. सुरुवातीला तो ० आणि शेवटी ४ आहे. म्हणजे सरासरी मध्यावर अचूक आणि टोकांना सर्वांत चुकीची. १९७६ मध्ये बार्लो या इंग्रज अभियंत्याने सांत घटकांबद्दल असेच दाखवून दिले: घटकाच्या आत काही ठरावीक जागा असतात, तेथे प्रतिबल सर्वांत विश्वासार्ह असते, कडेला व कोपऱ्याला ते कमी विश्वासार्ह असते. दैवदुर्विलास असा की आपल्याला हवे असते ते नेमके कडेचे, कारण तडा तेथेच सुरू होतो. म्हणून आतल्या बिंदूंवरचे आकडे पुढे वाढवून कडेपर्यंत न्यावे लागतात आणि शेजारच्या घटकांच्या आकड्यांची सरासरी घ्यावी लागते. पडद्यावरचा गुळगुळीत लाल रंग या वाढवण्यातून आणि सरासरीतून तयार झालेला असतो.

स्लाइपनर

आकडे पुढे वाढवणे किती महागात पडू शकते हे नॉर्वेत दिसले. उत्तर समुद्रात तेल व वायू काढण्यासाठी स्लाइपनर ए या तळाचे काँक्रीटचे प्रचंड अधिष्ठान स्टव्हांगर शहराजवळच्या गांड्सफ्योर्ड या खाडीत बांधले जात होते. ते २४ पोकळ कोठ्यांचे होते. तीन कोठ्या जेथे एकमेकींना भिडत तेथे मध्ये त्रिकोणी पोकळी राही. तिच्यात समुद्राचे पाणी असे आणि कोठ्या रिकाम्या. त्यामुळे पोकळीच्या भिंतींवर पाण्याचा रेटा एका बाजूनेच येई. २३ ऑगस्ट १९९१ रोजी अधिष्ठान मुद्दाम पाण्यात खाली नेले जात असताना, सुमारे ६५ मीटर पाण्याचा भार येताच भिंत फुटली आणि सारे बांधकाम २२० मीटर खोल तळाशी जाऊन चक्काचूर झाले. तो आदळण्याचा धक्का भूकंपमापकांवर ३ तीव्रतेचा नोंदला गेला. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचे झाले.

चौकशीत दिसले की, संगणकाच्या गणितात त्या भिंतींचे कर्तन प्रतिबल, म्हणजे कात्रीसारखे कापू पाहणारे प्रतिबल, ४७ टक्के कमी धरले गेले होते. भिंतीतले घटक फार मोठे आणि तिरपे होते. त्यांच्या आतले मोजके आकडे वक्र रेषेने भिंतीच्या टोकापर्यंत वाढवले, तेव्हा वक्र खाली वळली. म्हणून भिंत पुरेशी जाड केली गेली नाही आणि टोकांशी लोखंडही कमी पडले. अपघातानंतर काळजीपूर्वक गणित केले तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीला फुटेल असे उत्तर आले!

येथे शिक्षकांनी थांबून एक हातचे गणित करून दाखवावे. ६५ मीटर समुद्राच्या पाण्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६५० किलोन्यूटन. समजा दोन टोकांना धरलेली भिंत ४ मीटर रुंद आहे. एकूण रेट्यातला निम्मा एका टोकावर, निम्मा दुसऱ्या टोकावर. म्हणजे भिंतीच्या दर मीटर उंचीला प्रत्येक टोकावर ६५० गुणिले २, अर्थात १,३०० किलोन्यूटन. फळ्यावर दोन ओळींत मावणारे हे गणित आहे. संगणकाच्या उत्तराशेजारी असे ढोबळ उत्तर ठेवले तर निम्म्याची चूक नजरेतून सुटत नाही.

जाळी बारीक केली तर?

'घटक मोठे होते ना, मग लहान करा,' असे कोणी म्हणेल. बहुतेक ठिकाणी हा सल्ला बरोबर आहे. गोल भोकाच्या कडेला जाळी बारीक करत गेलो तर उत्तर ३ कडे जाऊन स्थिरावते. पण चित्रात अगदी टोकदार आतला कोपरा काढला असेल तर काय होते?

कॅलिफोर्नियातील विल्यम्स यांनी १९५२ मध्ये याचे गणित केले. खिडकीच्या चौकटीसारख्या ९० अंशांच्या आतल्या कोपऱ्याकडे जाताना प्रतिबल अंतराच्या सुमारे ०.४५६ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढत जाते. अंतर निम्मे केले की प्रतिबल १.३७ पट. घटकाचा आकार निम्मा करत गेलो आणि पहिले उत्तर १०० आले असेल, तर पुढची उत्तरे साधारण १३७, १८८, २५८, ३५४ अशी येतात. हा पाढा कोठेच थांबत नाही. म्हणजे त्या कोपऱ्यातला आकडा लोखंडाबद्दल काहीच सांगत नाही; आपण जाळी किती बारीक घेतली एवढेच सांगतो. इंग्लिसच्या सूत्रातला तोच काटा ६० वर्षांनी संगणकाच्या पडद्यावर लाल ठिपका होऊन परत आला.

यावर अभियंत्यांनी जे उपाय काढले ते सारे आपण वर पाहिलेल्या इतिहासातूनच आले आहेत. पहिला, खऱ्या वस्तूत कोपऱ्याला गोलाई असतेच; ती मोजून चित्रात काढावी, मग उत्तर स्थिरावते. दुसरा, सँ-व्हेनांच्या तत्त्वाचा आधार घेऊन संपूर्ण बांधकाम जाड जाळीने सोडवावे आणि संशयित भाग तेवढा कापून वेगळ्या बारीक जाळीने पुन्हा सोडवावा. तिसरा, झिएन्किएविच आणि झू यांनी १९८७ मध्ये सुचवलेला: सरासरी घेण्यापूर्वीचे आणि नंतरचे प्रतिबल यांत जेथे फार फरक पडतो तेथे उत्तर कच्चे आहे असे समजावे. चौथा ग्रिफिथचा: जेथे खरोखरच तडा आहे तेथे बिंदूवरचे प्रतिबल सोडून द्यावे आणि ऊर्जेचा हिशेब करावा.

पाचवा उपाय वेल्डिंगच्या सांध्यांसाठी आहे आणि तो मोठा शहाणपणाचा आहे. सांध्याच्या कडेवर मोजायचेच नाही. पत्र्याची जाडी १० मिलिमीटर असेल तर कडेपासून ४ मिलिमीटरवर, म्हणजे जाडीच्या ०.४ पटीवर, आणि १० मिलिमीटरवर, म्हणजे जाडीएवढ्या अंतरावर प्रतिबल घ्यायचे आणि सरळ रेषेने कडेपर्यंत न्यायचे. समजा तेथे १५० आणि १२० मिळाले. सहा मिलिमीटरमध्ये ३० चा फरक, म्हणजे दर मिलिमीटरला ५. कडेपर्यंत ४ मिलिमीटर, म्हणून १५० अधिक २०, एकूण १७०. कडेवरचे 'खरे' प्रतिबल १७० आहे असा दावा येथे कोणी करत नाही. पण जगभर सर्वांनी याच दोन जागांवरून, याच रीतीने काढलेला आकडा प्रयोगशाळेत तुटलेल्या सांध्यांशी ताडून पाहिलेला असतो, म्हणून त्यावरून सांध्याचे आयुष्य सांगता येते. स्लाइपनरमध्येही आकडे पुढे वाढवलेच होते. फरक इतकाच की, येथे कोणत्या जागा घ्यायच्या आणि कोणती रेषा काढायची हे आधी ठरलेले आणि पारखलेले आहे.

वर्गासाठी तीन प्रश्न

आपल्या प्रयोगशाळेत मुले मोजपट्टीने लांबी मोजतात आणि गणकयंत्रातून आलेली आठही दशांश घरे वहीत उतरवतात. आपण त्यांना सार्थ अंक शिकवतो, पण बऱ्याचदा तो गुण कापण्याचा नियम म्हणूनच त्यांच्या ध्यानात राहतो. कॉमेट आणि स्लाइपनर यांच्या गोष्टींनंतर कोणत्याही आकड्याला तीन प्रश्न विचारायची सवय लावता येईल. हा आकडा कोठला? तो किती जागेची किंवा किती वेळाची सरासरी आहे? आणि ती जागा निम्मी केली तर आकडा स्थिर राहतो की बदलत जातो?

हे प्रश्न फक्त पुलांना आणि विमानांना लागू पडतात असे नाही. गावाचे तापमान, नदीचा वेग, शेतातल्या मातीचा ओलावा, या सर्वांना ते विचारता येतात. शाळेच्या आवारातच सुरुवात करावी. एकाच दुपारी पत्र्याच्या छपराखाली, झाडाखाली आणि मोकळ्या मैदानात तापमापक ठेवून तीन गटांना वाचने घ्यायला सांगावे. आकडे तीन येतील. मग 'आज शाळेचे तापमान किती?' हा प्रश्न फळ्यावर लिहावा, आणि उत्तर देण्यापूर्वी मुलांनी उलट काय काय विचारायला हवे याची यादी त्यांच्याकडूनच करून घ्यावी.